हिडकलच्या पाण्यावर ११ पिचचा पंखा: चार महिने वापरून

बोट पंधरा फुटी, फायबरची, वीसेक वर्षांची. तिला यामाहाचं ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे मागं बाहेर टांगलेलं इंजिन. फिरते बेळगावकडच्या हिडकल धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, रविवारी, घरची चार माणसं घेऊन. हिला मी यामाहाचाच ॲल्युमिनियमचा तीन पात्यांचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, बसवलाय, ११ ५/८ × ११-जी (आकड्यांचा अर्थ पुढं सांगतो). चार महिने झाले आणि मी पूर्ण समाधानी आहे. पण तिथवर पोचायला एक अख्खा सीझन गेला, म्हणून सविस्तर लिहितोय.

बोट मी आणि मेव्हण्यानं गोव्यात सेकंडहँड घेतली आणि चोर्ला घाटातून ट्रॉलीवर वर आणली. तिकडं खाडीत ट्रायल घेतली तेव्हा थ्रॉटल दिला की लगेच पाण्यावर उठायची, म्हणजे पाणी कापत जायचं सोडून वरून सरकायला लागायची. इथं आणून चौघं बसलो, तर नाक आभाळाकडं आणि बूड पाण्यात. उठायला चौदा सेकंद. फुल थ्रॉटलला टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारा काटा, ४३०० च्या पुढं सरकेना. मेव्हणा म्हणाला, "दाजी, इंजिन गेलं बहुतेक." कॉम्प्रेशन तपासलं, दोन्ही सिलिंडर ठीक. प्लग नवे टाकले, फरक शून्य. मग एका दुकानदारानं फोनवरच सांगितलं, "स्पीड पाहिजे तर १४ पिच घ्या." माणसं किती, पाणी कुठलं, आरपीएम किती, एक शब्द विचारला नाही. आम्ही विश्वास ठेवून मागवला. इंजिन ४१०० वरच गुदमरायला लागलं, प्लग काळेकुट्ट. बॉक्स फोडल्यावर परत घेत नाही म्हणाले. ते पैसे गेले.

जुन्या पंख्यावर ११ १/८ × १३-जी असं कोरलेलं होतं. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचात. पिच म्हणजे लाकडात स्क्रू फिरवावा तसा पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढं जाईल ते. पाणी लाकूड नाही, म्हणून थोडं घसरतंच. शेवटचं अक्षर हबचं, म्हणजे पंख्याच्या मधल्या, शाफ्टवर बसणाऱ्या भागाचं. ते जुळलं नाही तर पंखा शाफ्टवर बसणारच नाही. हे आकडे आधीच्या मालकानं समुद्रासाठी निवडलेले. हिडकल पूर्ण भरलं की पाण्याची पातळी २१७५ फूट. उंचीवर हवा विरळ होते आणि हजार फुटांमागं इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी उतरते. म्हणजे घाट चढून आल्याबरोबर चाळीसमधले अडीच घोडे गेले, आणि हे इंजिन उघडून कधीच दिसणार नाही.

दुसरं कारण वजनाचं. गळीत हंगामात उसाच्या वजनकाट्यावर ट्रॉलीसकट बोट चढवली, मग नुसती ट्रॉली. वजाबाकी केली तर बोट कागदावरच्या आकड्यापेक्षा नव्वद किलो जड. तळाच्या फळीला भोक पाडून बघितलं तर आतला फोम ओल्या स्पंजसारखा झालेला. जुन्या फायबर बोटी आतून पाणी पितात. आम्ही फोम अजून बदललेला नाही, मोठं काम आहे ते. पण पंखा निवडताना हे वजन धरायलाच पाहिजे.

आणि तिसरी गोष्ट बेळगावात, उद्यमबागेतल्या कारखान्यांत कळली. ओळखीचे एक पॅटर्नवाले, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवणारे, मामा आहेत, आयुष्य फाउंड्रीत गेलेलं, बोटीशी कधी संबंध नाही. त्यांनी जुना पंखा सरफेस प्लेटवर (एकदम सपाट पाटावर) डिव्हायडिंग हेडला, म्हणजे मोजून अंशांत फिरवणाऱ्या साधनाला, धरला. हबच्या मध्यबिंदूपासून पात्याच्या टोकापर्यंतच्या त्रिज्येच्या सत्तर टक्क्यांवर पेन्सिलची खूण केली. तिथं हाइट गेजचं (उंची मोजायच्या साधनाचं) टोक टेकवलं, पंखा बरोबर तीस अंश फिरवला आणि उंचीतला फरक वाचला. तीस अंश म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग, म्हणून त्या फरकाला बारानं गुणलं की पिच. पहिलं पातं २७.६ मिलिमीटर, म्हणजे तेरा इंच, बरोबर. दुसरं २६.१, म्हणजे सव्वाबाराच्या आसपास. तिसरं २९.२, पावणेचौदाच्या वर. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसत होती. मामांनी गेज खाली ठेवला आणि म्हणाले, "एक पातं पुढं ओढतंय, एक मागं राहतंय. मग थरथरणार नाही तर काय करणार की!" स्टिअरिंगमधली ती थरथर आम्ही वर्षभर इंजिनाच्या माथी मारत होतो. आपल्या गावात असली कारागिरी आहे आणि आम्ही पंख्याचं दुखणं गोव्यात विचारत होतो, याची खंत वाटली.

पुस्तिकेप्रमाणं या इंजिनाला फुल थ्रॉटलला ४५०० ते ५५०० आरपीएम मिळायला हवेत, तेही नेहमीची माणसं आणि पेट्रोल घेऊन. पिच एक इंचानं कमी केला की दीडशे ते दोनशे आरपीएम वाढतात. आम्हाला निदान चारशे हवे होते, म्हणून तेरावरून अकरा. नवा पंखा आधी मामांच्या गेजखाली घातला: २३.२, २३.३, २३.३. मनाला बरं वाटलं.

चौघं बसून आता ४८०० मिळतात, दोघंच असलो तर ५१५०. उठायला सात सेकंद. फोनच्या जीपीएसवर टॉप स्पीड आधी ३६ होता, आता ३५ किलोमीटर. हा एक किलोमीटर मी आनंदानं सोडला. जास्त पिचवर कमी फेऱ्यांत ओढत राहिलं की इंजिन तापतं, कार्बन धरतं, पिस्टन खराब होतो. चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटलेल्या जीपसारखं. वीस वर्षांच्या इंजिनाला ते करायला लावणं मला पटत नाही.

स्टीलचा घ्यावा का असं बरेच जण विचारतात. उघड्या समुद्रात, खोल पाण्यात जरूर घ्या. पातं वाकत नाही, धार टिकते. पण हिडकलच्या पोटात गावं आहेत. पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ बाहेर येतं, त्याच्या आजूबाजूला घरांचे चौथरे, विहिरींचे कठडे, झाडांची खोडं. फेब्रुवारीत एका कठड्याला आमचा पंखा लागला. एका पात्याचा नखाएवढा टवका उडाला. कानशीनं धार सारखी केली आणि तसाच चालवला, आरपीएममध्ये फरक नाही. स्टीलचं पातं न वाकता तो धक्का सगळा आत पाठवतं. हबमधला रबर बुश काही सोसतो, पण गिअरला इजा व्हायची भीती राहतेच.

तो बुश दर सीझनला बघा. पांढऱ्या रंगाची एक रेघ हबच्या आतल्या नळीवरून बाहेरच्या भागापर्यंत ओढून ठेवायची. जोरात चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बुश आत फिरतोय. इंजिन ओरडतं आणि बोट जागची हलत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. पंखा काढला की मागं गुंडाळलेली मासे धरायची तंगूस पण काढा. ती ऑइल सील कापते आणि गिअर ऑइल दुधासारखं होतं. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस, नवी स्प्लिट पिन, पुढचा थ्रस्ट वॉशर उलटा बसलेला नाही ना एवढं बघून नट आवळायचा.

जुना तेराचा मामांनी सरळ करून दिला. बारावर आणता येईल का विचारलं, तर म्हणाले, "तिसरं पातं एवढं वाकवलं तर मुळात चिरेल, मी नाही करणार." तिन्ही पाती २७.५ वर आणून दिली. तो आता नट, पिन आणि पान्यासकट पुढच्या सीटखाली गोणपाटात असतो, धरणाच्या मधोमध काही झालं तर काठाला यायला.