पावसाळी राइडसाठी जॅकेट : लेदर की टेक्स्टाइल?

ताम्हिणी घाटाच्या पावसात बाइकवर कोणतं जॅकेट टिकेल, असं भाच्याने विचारलंय.

थोडी भुरभुर लेदर सहज झेलतं. मुसळधारेत मात्र पाणी आधी शिवणीतून, चेनमधून शिरतं. मग कातडंच पाणी पितं आणि खांद्यावर ओझं होतं. सुकवायचं सावलीत, जाड हँगरवर, घाई न करता. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर कडक होऊन चिरा पडतात. ओलं तसंच कपाटात गेलं की कोकणच्या दमट हवेत बुरशी ठरलेलीच.

टेक्स्टाइल, म्हणजे नायलॉन-पॉलिस्टरसारख्या जाड कापडाचं जॅकेट, पंख्याखाली रात्रीत बरंचसं वाळतं. जलरोधक थर आतल्या अस्तरात असेल तर बाहेरचं कापड भिजतंच, हे दुकानात तपासून घे.

घसरून पडल्यावर जाड लेदर सरस. रोज पावसात गाडी चालवणाऱ्याने टेक्स्टाइल घ्यावं. हिवाळ्यात फिरणाऱ्याने लेदर, आणि बॅगेत रेनकोट.