तासगावच्या द्राक्षबागेत यूकन्सोल

द्राक्षबागेतली हवामान केंद्रं आणि ठिबकचे कंट्रोलर दुरुस्त करणं हे माझं काम. तासगाव, पलूस, मिरज हा माझा फिरतीचा पट्टा. लॅपटॉप घरी ठेवून मी आता यूकन्सोल हा हातात धरायचा छोटा संगणक घेऊन निघतो. उभ्याउभ्या काम करणाऱ्या माणसासाठी याहून सोयीची वस्तू मी पाहिलेली नाही.

क्लॉकवर्कपाय कंपनीचं हे किट आहे. ५ इंची पडदा (१२८०×७२०), खाली कीबोर्ड, मधे ट्रॅकबॉल, आत रास्पबेरी पायचं कॉम्प्युट मॉड्यूल ४ (संगणकाचा मेंदू असलेली छोटी पाटी), आणि त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली. सोल्डरिंग लागत नाही. शर्टाच्या खिशात मावणार नाही, जर्किनच्या मोठ्या खिशात मावतो.

त्याची खरी किंमत बागेत कळते. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची भीती असते. नेमका तेव्हाच पानांच्या ओलाव्याचा सेन्सर शून्य दाखवायला लागला, तर बागायतदाराचा जीव वरखाली होतो. असे बरेच सेन्सर आरएस-४८५ पद्धतीच्या दोन तारांवर, मॉडबस नावाच्या ठरलेल्या भाषेत बोलतात. या तारा यूएसबीला जोडणारा कन्व्हर्टर लावायचा, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडायचं आणि सेन्सरला थेट विचारायचं. नेहमीच्या कन्व्हर्टरचे ड्रायव्हर लिनक्समध्ये असतातच. फक्त लिनक्समधलं आपलं वापरकर्ता-नाव ‘डायलआउट’ या परवानगीच्या गटात घालून घ्या, नाहीतर पोर्ट उघडत नाही.

परवा एका बागेत असंच झालं. मी म्हटलं, “तात्या, सेन्सर गेलेला नाही. ए आणि बी तारा उलट्या लागल्यात.” तारा बदलल्या आणि आकडे आले. तात्यांचा लगेच प्रश्न, “मग आज फवारणी धरू का?” हे निदान मांडवाखाली, एका हातात यंत्र धरून झालं. फोनवर अशी ॲप आहेत, पण सेन्सरमधली रजिस्टरं (आकडे साठवायचे कप्पे) एकामागून एक वाचणारी दहा ओळींची पायथन स्क्रिप्ट जागेवर लिहायची तर बटणांचा कीबोर्डच लागतो. ही बटणं अंगठ्यांनी दाबायची आहेत, दहा बोटांनी टाइप करायची सवय इथे कामाची नाही.

मराठीचं सांगतो. देवनागरी फॉन्ट घातला आणि इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्डचा लेआउट निवडला की भेटीची नोंद मराठीत लिहिता येते. मात्र ती साध्या एडिटरच्या खिडकीत लिहा, कारण टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटतात. बटणांवर मराठी अक्षरं छापलेली नाहीत, तेव्हा लेआउट पाठ हवा.

बंगळुरूत तयार झालेला, लिनक्सवर चालणारा सिम्प्युटर २००४ मध्ये बाजारात आला होता, तोही सामान्य माणसाच्या हातात संगणक द्यायच्या ध्यासातून. तो रुजला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. गावोगावच्या कामासाठी असं यंत्र आपल्याकडेच बनायला हवं.

घेणार असाल तर मेमरी कार्डावरून चालणारं ‘लाइट’ मॉड्यूल घ्या. कार्ड बिघडलं तर दुसरं घालून पुढे जाता येतं. १८६५० मापाचे दोन लिथियम सेल वेगळे घ्यावे लागतात, आणि तिथे पैसे वाचवू नका. ज्या सेलवर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलंय तो सरळ परत करा, या मापाच्या चांगल्या सेलचीही मजल साडेतीन हजारांच्या आसपासच असते. यंत्र जलरोधक नाही, म्हणून फवारणी चालू असलेल्या ओळीत ते बाहेर काढू नका.