पर्यटनाचा डिप्लोमा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

पंचवटीत आमचं बारा खोल्यांचं लॉज आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं. गेल्या जुलैत मी नाशिकच्याच एका संस्थेत पर्यटनाच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला नाव घातलं. प्रवेश घ्यावा का, असं ओळखीच्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी खटकलेलं सांगते. फीमध्ये पाच अभ्यास सहली धरल्या होत्या, झाल्या दोनच. हॉटेलमधलं सहा आठवड्यांचं प्रशिक्षण म्हणजे रजिस्टर भरणं आणि चादरी मोजणं. ते मी घरी रोज करते. गाइडचा सरकारी परवाना या डिप्लोमाने मिळत नाही, तो वेगळा काढावा लागतो. माहितीपत्रक वाचून तसं वाटत नाही, आमच्या वर्गातल्या दोन मुलांचा त्यात पुरता गैरसमज झाला.

तरी मी पाचपैकी चार देईन, ते शनिवारच्या सकाळींसाठी.

सहा ते दहा रामकुंडावर उभं राहायचं, लोकांशी बोलायचं आणि वही भरायची. कुठून आलात, कशासाठी, किती वेळ थांबणार, पुढे कुठे. वर्गात शिकवलं होतं, एक तरी रात्र मुक्काम केला तर पर्यटक, नाहीतर दिवसाचा पाहुणा. माझ्या वहीत पानामागून पान दिवसाचे पाहुणेच. पहाटे गाडी काढलेली, इथे अस्थी विसर्जन नाहीतर स्नान, मग त्र्यंबक, रात्री शिर्डी. नाशिकच्या वाट्याला दोन तास. लग्न होऊन आल्यापासून मी रोज गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, जाते, पण या माणसांना काय लागतं ते मला ठाऊक नव्हतं. लॉजची पायरी चढली तेवढीच माणसं मी बघत होते.

डिसेंबरात परभणीकडची एक आजी ओल्या लुगड्यात कुडकुडत उभी होती. "माय, बदलाया आडोसा कुठंय?" वस्त्रांतरगृह हाकेच्या अंतरावर, पण त्या गर्दीत तिला ते दिसावं कसं? हाताला धरून नेलं. तिचं म्हणणं लिहायला वहीत रकानाच नव्हता. सरांना सांगितलं, तर पुढच्या शनिवारी त्यांनी "काय सापडलं नाही?" असा रकाना वाढवला. माझ्या वहीत आता तोच सगळ्यात भरलेला आहे.

काळाराम मंदिरासमोर प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं होतं. मी काळ्या पाषाणाचं, मंदिर बांधणाऱ्या सरदार ओढेकरांचं सांगितलं आणि थांबले. सरांनी परत उभं केलं. "2 मार्च 1930 कोण सांगणार?" बाबासाहेबांचा सत्याग्रह ज्या दारांशी झाला, त्याच दारांसमोर मी उभी होते. तेव्हापासून लॉजवरच्या पाहुण्यांना वाट सांगताना तेही सांगते.

पांडवलेणी आम्ही दोनदा केली. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिंतीला बोट न लावता सर एकेक ओळ वाचत गेले. भरुकच्छ (भरूच), दशपूर (मंदसौर), गोवर्धन, शूर्पारक (सोपारा) इथे त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या, बागा लावल्या, तळी नि विहिरी खणल्या. तापी, दमण, डहाणूका अशा नद्यांवर उतारूंसाठी फुकट नावा ठेवल्या. यातलं गोवर्धन आपल्या नाशिकजवळचंच. हे सगळं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं! वाटसरूला निवारा, पाणी आणि नदीपार जायची सोय, हे कुणीतरी दगडावर कोरण्याइतकं मोलाचं मानलं होतं. अंगावर काटा आला. खाली महामार्गावरून ट्रक जात होते, पण मला पुढचा लेख ऐकूच आला नाही.

जानेवारीत आम्ही तळमजल्यावरच्या एका खोलीतले पलंग काढले. कपडे बदलायला आडोसा, गरम पाणी, बॅगा ठेवायला फळ्या. मुक्कामाची अट नाही. पाटी मराठी, हिंदी, गुजराती आणि तेलुगूत लावली. एका खोलीचं भाडं बुडतं, असं मामंजींचं म्हणणं अजून आहे. पाण्याचा बंब मात्र पहाटे तेच पेटवतात.

नवीन बॅच जुलैत निघेल. फी भरण्याआधी सहलींच्या तारखा लेखी घ्या आणि शनिवारचं रामकुंड कोणते सर घेणार ते विचारा. आमचेच सर नसतील तर मी प्रवेश घ्या असं सांगणार नाही.