920 ग्रॅमची पोरगी अन् जिल्ह्याच्या दवाखान्यातला काचेचा वॉर्ड: 4 स्टार

पाचपैकी चार देतो, एक काहून कापला ते खाली सांगतो.

पोरगी दिवाळीत झाली, कापूस वेचणीच्या ऐन घाईत, 28 आठवड्यांतच. वजन 920 ग्रॅम, म्हणजे साखरेचा किलोचा पुडाही जास्त भरते. आधी एका खाजगीत नेलं तं तिथं डिपॉझिट सांगितलं अन् वरून "वाचली तरी डोक्यानं कमीच राहीन" हेही ऐकवलं, मंग 102 बोलावली अन् सरकारीत आणलं. एसएनसीयू म्हणतात त्या वॉर्डाले, म्हणजे आजारी अन् लहान नवजात बाळांचा खास वॉर्ड.

पहिल्या आठवड्यात वजन घटून 830 वर आलं, मी हातपाय गाळले, सिस्टर म्हणे होतेच असं. नळीनं दूध, सुरुवातीले एक-एक मिली, तेही बायकोनं वाटीत पिळून काढलेलं. पुढं रोज किलोमागं 15-20 ग्रॅम वाढ पाहिजे असा त्यांचा हिशोब.

पण या वॉर्डाचं खरं काम मले टेपवर दिसलं. घरचे सगळे फोनवर वजन विचारायचे अन् सिस्टर दर सोमवारी डोक्याचा घेर मोजायची. 25 सेंटीमीटर होता, सुटीच्या वेळी साडेएकोणतीस. कमी वाढला तरी काळजी अन् एकदम वाढला तरी काळजी, कारण आत पाणी साचू शकते.

आई तं टाळू भराले तेलाची बाटलीच घेऊन आली होती. मॅडमनं त्याच टाळूवर सोनोग्राफीचं यंत्र टेकवलं, तिथं हाड जुळलेलं नसते म्हणून आतला मेंदू दिसते. एवढ्या लहान बाळाले मेंदूत रक्तस्राव झालाच तं बहुतेक पहिल्या तीन दिवसांत होते म्हणे. आमचं क्लिअर निघालं. आईनं बाटली गपचूप पिशवीत टाकली. मेंदूवरच्या घड्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात, अन् हिचे ते महिने पोटाऐवजी काचेत चालले होते, म्हणून तिथं उजेड कमी, बोलणं हळू, मोबाईल सायलेंट. मीही शर्ट काढून पोरीले छातीवर घेऊन तासन् तास बसलो. कांगारूची ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटात निघाली, तिथं काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. इथंही काही जास्त नाहीत बाप्पा.

आता कापलेला स्टार. डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीले उशीर चालत नाही हे हेच सांगतात, अन् सुटीनंतर आमच्या दोन खेपा रिकाम्या गेल्या, डॉक्टरच आले नाही. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, कोण देते? बाकी बायांले बसाले धड जागा नाही.

पोरगी आता सहा महिन्यांची. गावात म्हणतात अजून पालथी होत नाही, पण फाईलीत तिचं वय तीनच महिने धरतात, लवकर आलेले बारा आठवडे वजा करून. मान धरते, हसते, आवाजाकडं पाहते. टाळू भराले दीड वर्षही लागते म्हणे, तरी आई रोज बोट लावून पाहते, तेल न लावता.