दृग्दृश्यविवेक आधी, की चांगदेव पासष्टी?

अद्वैताची तोंडओळख झाली आहे, ‘ब्रह्म सत्य, जग मिथ्या’ पाठ आहे आणि आता एकच छोटा ग्रंथ धरून नीट बसायचं आहे, अशा मराठी वाचकापुढे बहुधा हे दोन येतात. दृग्दृश्यविवेक या संस्कृत ग्रंथात ४६ श्लोक, ज्ञानदेवांनी चांगदेवांना लिहिलेल्या पासष्टीत ६५ ओव्या. आकार जवळपास सारखा, त्यामुळे कुठलाही घेतला तरी चालेल असं वाटतं. मला तसं वाटत नाही. माझ्या मते आधी दृग्दृश्यविवेक.

दृग्दृश्यविवेकाचा सगळा डाव पहिल्याच श्लोकात मांडलेला आहे. रूप दृश्य, डोळा द्रष्टा. मग डोळा दृश्य, मन द्रष्टा. मग मनाच्या वृत्ती दृश्य आणि साक्षी, म्हणजे त्यांना नुसतं पाहणारं चैतन्य, हा द्रष्टा. तो साक्षी मात्र ‘दृगेव न तु दृश्यते’, कधीच दिसत नाही. पुढचे तीन श्लोक एकेक पायरी पक्की करतात. चष्मा लागत असेल तर तो काढून हाच मजकूर बघा. अक्षरं पुसट झाली, पण पुसटपणा डोळ्याचा आहे हे लगेच कळलं. कुणाला? मनाला. म्हणजे डोळाही दृश्यात गेला. आता त्या पुसटपणाने आलेली किंचित चिडचिड बघा. ती आलेली कळते, म्हणजे मनही गेलं.

बहुतेकांची गाडी अडते ती इथेच, कारण ते साक्षी शोधू लागतात. भुवयांमधला उजेड, दोन विचारांमधली पोकळी, एकदम शांत वाटणं, असं काहीतरी हाती लागतं आणि ‘हाच तो’ असं ठरून जातं. हाती लागलं ते दृश्यच. पाचव्या श्लोकात कसोटी दिली आहे: हे चैतन्य उगवत नाही, मावळत नाही, वाढत नाही, घटत नाही. पहाटे आलेली आणि चहाबरोबर गेलेली शांतता या कसोटीला उतरत नाही.

आठवा आणि नववा श्लोक तर स्वतंत्र बैठकीचे आहेत. अहंकाराचं तादात्म्य, म्हणजे ‘हे मीच’ असं एकरूप होणं, तीन तऱ्हांचं: मनात पडलेल्या चैतन्याच्या छायेशी सहज, देहाशी कर्मज, साक्षीशी भ्रांतिजन्य. सहज तादात्म्य अहंकार आणि छाया हे दोन्ही पक्ष शाबूत असेपर्यंत सुटत नाही. कर्मज सुटतं ते कर्म सरल्यावर. ज्ञानाने सुटतं ते फक्त तिसरं. ‘मीपणा अजून जात नाही’ म्हणून खट्टू झालेला साधक बहुधा पहिल्या प्रकाराशी झुंजत असतो, आणि तिथे झुंजून काही उपयोग नाही हे ग्रंथच स्पष्ट सांगतो. आपण कुठे अडलो ते श्लोकाचा आकडा लावून सांगता येणं, ही मोठी सोय आहे.

पासष्टीत पायऱ्याच नाहीत. ‘प्रगटे तंव तंव न दिसे । लपे तंव तंव आभासे’ असं दुसऱ्याच ओवीत ऐकवून ज्ञानदेव मोकळे होतात. पुढे द्रष्टा, दृश्य, दर्शन ही त्रिपुटीच मोडीत निघते. आरशाच्या आधी आणि नंतरही मुख मुखाच्या जागी असतंच, मध्ये आरसा आल्याने त्यात वेगळं काय झालं? तसंच दृश्य पुढे आलं म्हणून द्रष्टेपण भासतं, वस्तू (म्हणजे ब्रह्म) एकच. भाषा म्हणून बघाल तर दुसऱ्या पारड्यात टाकायला काही उरत नाही.

माझी कुरकुर त्या भाषेशीच आहे. ओवी पटायच्या आधी आवडते. कान ‘हो’ म्हणून मोकळा होतो आणि डोक्याला काम उरत नाही. ‘दृश्य ओसरलं की द्रष्टेपणही ओसरतं, म्हणजे नेमकं काय ओसरलं?’ असं पासष्टी मुखोद्गत असलेल्याला विचारलं, की उत्तरादाखल बऱ्याचदा पुढची ओवीच ऐकायला मिळते. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावताना अडखळावं लागतं, आणि त्या अडखळण्यात विचार होतो. पद्धतीचंही कारण आहे. वेदान्ताची रीत आधी अध्यारोप (समजावण्यापुरता भेद मांडणं), मग अपवाद (तोच भेद पुसून टाकणं). पासष्टी हा शुद्ध अपवाद आहे. जो साक्षी कधी वेगळा काढलाच नाही, तो विरघळवणार कसा?

दृग्दृश्यविवेकात खोट नाही असं नाही. बाराव्या-पंधराव्या श्लोकाशी थांबलात तर साक्षी इकडे आणि जग तिकडे असं सांख्यांचं द्वैत पदरी पडतं, आणि माणूस घरातही उगाच अलिप्त वागू लागतो. म्हणून विसाव्यापर्यंत जायलाच हवं. तिथे अस्ति (असणं), भाति (प्रकाशणं), प्रिय (आवडणं) हे तीन अंश ब्रह्माचे आणि नाम, रूप हे दोन जगाचे, असा हिशेब लागतो आणि बाहेर टाकलेलं जग परत घेता येतं. पुढे सहा समाधी येतात, तीन आतल्या आणि तीन बाहेरच्या. बाहेरच्या टाळू नका. शेवटचा, तीन जीवांचा भाग पहिल्या वाचनात राहिला तरी चालेल.

दोन्ही एकदम मात्र वाचू नयेत. दृग्दृश्यविवेकाच्या पंधराव्या श्लोकात मायेची आवरणशक्ती आत द्रष्टा-दृश्याचा आणि बाहेर ब्रह्म-सृष्टीचा भेद झाकते, आणि तेच संसाराचं कारण. पासष्टीत जग हे झाकण नव्हे, तो त्या वस्तूचाच विलास आहे. अमृतानुभव या आपल्या दुसऱ्या ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात तर ज्ञानदेव अज्ञानाचंच खंडन करतात. एक पक्का नसताना दुसरा उघडला की नुसता काला होतो.

वर्षानुवर्षं साक्षीभावाचा अभ्यास करून कोरडे पडलेले लोक असतात. त्यांनी माझं न ऐकता पासष्टीच घ्यावी. प्रत पदच्छेद आणि अन्वय दिलेली असावी, आणि गाऊन वाचण्याआधी प्रत्येक ओवी आपल्या आजच्या मराठीत वहीत उतरवून काढावी.