ओवेन्स कॉर्निंगची गुलाबी फोमशीट: तरंगायला पक्की, गोंदाच्या बाबतीत नखरेल

अमेरिकन व्हिजनरी आर्ट म्युझियम १९९९ पासून बाल्टिमोरमध्ये कायनेटिक स्कल्प्चर रेस भरवतं. पायडल मारून चालवायच्या या कलाकृतींना सुमारे २४ किलोमीटरच्या वाटेत बंदराचं पाणी, वाळू आणि चिखल लागतो. विद्यार्थ्यांचे गट सगळा जीव सांगाड्यात आणि सजावटीत ओततात, गाडीला पाण्यावर तरंगवणारे फ्लोट मात्र शेवटी घाईत उरकतात. त्या फ्लोटसाठी फोम्युलर, म्हणजे ओवेन्स कॉर्निंगची ही गुलाबी पॉलिस्टायरीन फोमशीट, घ्यावी का? घ्यावी, पण गोंद नीट निवडणार असाल तरच.

४ × ८ फूट, २ इंच जाडीची, २५ पीएसआयवाली (दर चौरस इंचाला २५ पौंड दाब सोसणारी) शीट घ्या. वजन जेमतेम ४ किलो आणि पूर्ण बुडाली तर सुमारे १४५ किलो उचलते. गाडी १५० किलो, चालवणारे चौघे मिळून २८०, म्हणजे ४३० किलो. राखीव धरून याच्या दीडपट वजन उचलायचं ठरवलं की पाच शीट लागतात. प्रत्येक शीट उभी चिरून २ फुटी पट्ट्या करा आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच थर चिकटवा. १० इंची फ्लोट साधारण ६ इंच बुडेल. राखीव कमी केलीत तर एका बाजूला झुकताच पाणी वर येतं.

खरी गोची चिकटवण्यात आहे. पाण्यावर आधारलेला गोंद दोन शीटच्या मध्ये हवा न मिळाल्याने आठवडे उलटले तरी ओलाच राहतो. पॉलियुरेथेन गोंद चालतो, पण आधी शीटचा गुळगुळीत पृष्ठभाग खरवडा, पाण्याचा हलका फवारा मारा आणि वर भरपूर वजन ठेवा. तो फुगतो आणि थर उचलतो. पॉलिस्टर रेझिन आणि साधा स्प्रे पेंट फोम चक्क विरघळवतात. वरून इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारं रेझिन) किंवा घराबाहेरच्या भिंतींचा पाण्याचा रंगच द्या. तळाला आणि नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, फायबरग्लासचं कापड इपॉक्सीत बसवलंत तर उतारावर घासलं तरी टवके उडत नाहीत. नाक तिरकं कापा, नाहीतर पाण्यात उतरताना तेच आधी जमिनीला टेकतं.

फ्लोट गाडीला बांधताना रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे पट्टे) थेट फोमवर आवळू नका. अरुंद पट्टा कडेला रुततो, मग ढिला पडतो आणि फ्लोट सरकतो. खाली ६ मिलिमीटरचा प्लाय द्या. तापलेल्या तारेने कापताना दारं-खिडक्या उघड्या हव्यात, पॉलिशपेपर मारताना मास्क.

मखराचा पांढरा थर्माकोल स्वस्त असला तरी दाण्यांच्या फटींत पाणी धरतो आणि कडा भुरभुरतात. २०८ लिटरचे प्लास्टिकचे पिंप आपटायला मजबूत, पण एक झाकण गळलं तर त्या बाजूचा आधार गेलाच. शिवाय पिंपातून पूडल कोरता येत नाही. म्युझियमची स्वतःची फिफी, म्हणजे पूडल कुत्रीच्या रूपातली भलीमोठी कलाकृती, गुलाबीच आहे, तेव्हा शीटच्या रंगाबद्दल तक्रार नको!

शर्यतीआधी तलावात पूर्ण वजनाची चाचणी घ्या, लाइफजॅकेट घालून आणि चौघांनाही एकाच बाजूला झुकायला लावून.