शेतात स्वतःचे प्रयोग करायला फोनवरची ॲप्स: आठ महिन्यांनी काय ठेवलं, काय उडवलं

सध्या फोनमध्ये पाच उरलीत, सुरू केलं तेव्हा अकरा होती. सगळी शेतीसाठी म्हणून उतरवलेली, सगळी फुकट, आणि निम्म्याहून जास्त सल्ला देणारी. मला सल्ला नको होता. पेंढ्याचं आच्छादन घातलं की आपल्या जमिनीत खरंच फायदा होतो का, की ऐकून ऐकून पटलेलं असतं फक्त, एवढं एकच मला तपासायचं होतं. जमीन थोडी, त्यात काहीतरी चुकीचं सगळीकडे करून बसलं तर निस्तरायला वर्ष जातं, म्हणून म्हटलं आधी छोट्या पट्ट्यांवर बघू आणि नोंदी फोनवर ठेवू. वही मी याआधी ठेवलेली आहे, तिचं काय होतं ते माहितीये, पहिली पंधरा पानं सुरेख अक्षरात आणि मग मुलांची चित्रं.

प्रयोग असा की मक्याचे ३ मीटर रुंदीचे ८ पट्टे, म्हणजे ४ जोड्या, प्रत्येक जोडीत एकावर पेंढा आणि एक उघडा. कुठल्यावर घालायचा ते नाणं उडवून ठरवलं. पहिल्याच जोडीत नाण्याने पेंढा झाडाच्या सावलीकडच्या पट्ट्यावर टाकला आणि भाऊ म्हणाला बदल की, इथे तसंही कमीच येणार. मी म्हटलं मग नाणं उडवलंच कशाला. हे इथे सांगते कारण यातलं काहीही मला कुठल्या ॲपने सांगितलं नाही. ॲप नोंद ठेवतं, मोजतं, पण पट्टे कसे पाडायचे, शेजारी शेजारी का ठेवायचे, एकदाच करून का भागत नाही हे आपल्यालाच कळावं लागतं, नाहीतर चुकीच्या प्रयोगाची सुबक नोंद तयार होते फक्त.

सगळ्यात जास्त वापरलं ते कोबोकलेक्ट, फोनवर फॉर्म भरून माहिती गोळा करायचं ॲप. हे शेतीचं ॲप नाहीच मुळी. २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात ओपन डेटा किट म्हणून एक काम सुरू झालं, त्याच्या पायावर उभं आहे, आणि जास्त करून सर्व्हे करणारे, मदतकार्य करणारे लोक वापरतात. यात आपला फॉर्म आपणच बनवायचा. एक साधं स्प्रेडशीट, प्रत्येक ओळीत एक प्रश्न, प्रश्न आपल्या भाषेत लिहिता येतात, आणि फॉर्म एकदा फोनवर उतरला की शेतात नेटवर्क नसलं तरी चालतो, नेट मिळालं की नोंदी पाठवायच्या. दिसायला एकदम रुक्ष, ना पानांची चित्रं ना हिरवा रंग. पण माझ्या पट्ट्याला मी जे नाव देते तेच नाव तिथे येतं, आणि शेवटी सगळा डेटा सीएसव्ही फाईलमध्ये (स्प्रेडशीटमध्ये उघडणारा साधा तक्ता) आपल्या हातात.

पहिला फॉर्म मी १४ प्रश्नांचा केला होता आणि तो पूर्ण फसला. आठ पट्टे गुणिले चौदा प्रश्न, चिखलाचे हात, डोक्यावर ऊन, स्क्रीन दिसत नाही, तिसऱ्या आठवड्यात भाऊ सगळीकडे 'ठीक' निवडायला लागला. त्याला मी बोलले नाही काही, मीही तेच करत होते. पण गंमत अशी की फॉर्म कधी उघडला आणि कधी संपवला ती वेळ तो आपोआप टाकू शकतो, मी ते सहज चालू ठेवलं होतं, आणि महिन्याने फाईल उघडली तर एका दिवशी आठही पट्टे सहा मिनिटांत बघून झालेले, तेही रात्री साडेनऊला! त्या दिवशीच्या नोंदी सरळ बाद केल्या.

दुसरी चूक जीपीएसची. मला वाटलं नोंद करताना जागा आपोआप येईल, पट्टा नंबर विचारायलाच नको. फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर इकडेतिकडे जातं, आणि पट्टा ३ मीटरचा, त्यामुळे निम्म्या नोंदी शेजारच्या पट्ट्यात जाऊन बसल्या. मग खुंट्यांना नंबर घातले आणि नंबराचा क्यूआर कोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून बांधला, फॉर्ममध्ये कोड स्कॅन करायचा प्रश्न टाकता येतो. यात चूक व्हायला जागाच राहिली नाही. मोठ्या शेताचं वेगळं असेल, पण लहान शेतात प्रयोग करत असाल तर जीपीएसच्या नादी लागू नका.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे हा सगळा खटाटोप वसूल झाला. पाचव्या आठवड्यात पेंढ्याच्या दोन पट्ट्यांतला मका पिवळट पडला. फोटो काढून एका रोग ओळखणाऱ्या ॲपला दाखवला, नाव नाही घेत, त्याने झटकन अन्नद्रव्यांची कमतरता म्हणून सांगितलं आणि लगेच खाली फवारणी. कमतरता होती हे खरंच आहे हो. पण दोनच पट्ट्यांत का, पेंढा तर चार पट्ट्यांवर होता! मग कोबोच्या नोंदी तारखेनुसार लावून बसले, आणि सापडलं असं की त्या दोन पट्ट्यांत आधी एकदा भावाने कोळपं (ओळींमधलं तण काढायचं, माती हलवणारं अवजार) चालवलं होतं आणि पेंढा बराचसा मातीत गाडला गेला होता. नोंदीत त्याने दोनच शब्द लिहिलेले, 'कोळपून घेतलं'. पेंढा वरती पसरलेला असतो तोवर सावकाश कुजतो, पण मातीत मिसळला की त्याच्यावर तुटून पडणाऱ्या सूक्ष्मजीवांना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतं, पेंढ्यात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी, मग ते मातीतलं नत्र उचलतात आणि पिकाला काही दिवस कमी पडतं. पुढे कुजणं पुढे सरकलं की परत मिळतं. फवारणी न करता थांबले, मका हळूहळू सावरला. त्या दोन शब्दांशिवाय मी 'पेंढ्याने मका पिवळा पडतो' असं पक्कं ठरवून मोकळी झाले असते, आणि चार लोकांना सांगितलंही असतं.

मोजणाऱ्या ॲपमध्ये कॅनोपीओ छान निघालं. ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीत तयार झालेलं, त्यावरचा पेपर २०१५ चा. वरून सरळ खाली फोटो काढायचा, ते प्रत्येक ठिपक्यातला लाल, हिरवा, निळा रंग बघून हिरवं किती टक्के ते सांगतं. इतकंच. म्हणजे त्याला मका कळत नाही, तण असलं तरी हिरवंच, आणि पिवळं पडलेलं पान धरत नाही. हे समजून वापरलं तर मस्त. मी एक काठी मापाला धरून दरवेळी त्याच उंचीवरून, खुरपणी झाल्यावर फोटो काढायचे, आणि खुरपणीच्या आधी दोन ओळींच्या मधला वेगळा, तो तणासाठी. साधारण गुडघ्याच्या वर मका गेला की विषय संपला, डोक्यावरून फोटो कोण काढणार.

स्लेक्स हे मात्र माझं लाडकं, कामाचं किती ते विचारू नका. सिडनी विद्यापीठातल्या माती संशोधकांचं काम आहे. मातीची वाळलेली वाटाण्याएवढी तीन ढेकळं घ्यायची, पाण्यात ठेवायची, फोन वरून स्थिर धरून ठेवायचा आणि दहा मिनिटं ढेकळं किती पसरतात ते कॅमेरा मोजतो. कोरड्या ढेकळात पाणी घुसलं की आतली हवा दाबली जाते आणि ढेकूळ आतून फुटतं, ज्या मातीत सेंद्रिय चिकटपणा, मुळं, बुरशीचे धागे जास्त ती तग धरते. अंगणात केलं तर वाऱ्याने पाणी हललं आणि सगळं वाया, घरात खुर्चीवर पुस्तकांची चळत करून त्यावर फोन ठेवला तेव्हा जमलं. निकाल काय? पेंढ्याच्या आणि उघड्या पट्ट्यात काही फरक नाही, एका हंगामात यायचाही नाही, मातीची घडण बदलायला वर्षं लागतात. पण बांधावरची, कधीच न नांगरलेली माती आणि पट्ट्यातली माती शेजारी शेजारी ठेवली तेव्हा बांधाची ढेकळं तशीच आणि शेतातली दोन मिनिटांत पीठ. तो आकडा बाजूला राहू दे, भाऊ ते बघून गप्प बसला आणि मग म्हणाला यंदा नांगरट कमी करू का थोडी.

लँडपीकेएस एकदाच वापरलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी केलेलं आहे, खड्डा खणून थराथराने माती ओळखायची, ओली माती बोटांत दाबून पट्टी किती लांब निघते त्यावरून पोत ठरवायचा, प्रत्येक पायरी दाखवतं. मातीचा रंगसुद्धा कॅमेऱ्याने मिळतो, शेजारी संदर्भासाठी साधी पिवळी चिकट चिठ्ठी ठेवायची. प्रयोगाच्या आधी सगळ्या पट्ट्यांची माती सारखी आहे का ते बघायला उत्तम, माझ्या चौथ्या जोडीत चिकणमाती जास्त निघाली आणि पुढचे बरेच घोळ तिथेच उलगडले. प्लांटनेट तणांची नावं शोधायला, फूल येईपर्यंत थांबलात तर जास्त बरं.

उडवलेल्यांबद्दल लिहीत बसत नाही, पण एकाचा राग अजून आहे. सुंदर ॲप, आपल्या भाषेत, आलेख वगैरे. दोन महिने खुरपणीचे मिनिट अन् मिनिट त्यात भरले आणि अपडेटनंतर लॉगिनच होईना, डेटा बाहेर काढायची सोय आधीपासूनच नव्हती. तेव्हापासून कुठलंही नवीन ॲप घेतलं की दोन खोट्या नोंदी भरते आणि फाईल बाहेर येते का ते बघते. नाही आली तर तिथेच डिलीट.

आता तुम्ही विचाराल पेंढ्याचं काय ठरलं. खुरपणीचा वेळ चारही जोड्यांत पेंढ्याने कमी झाला, हे ठामपणे सांगते (उरलेले महिने स्टॉपवॉच लावून कोबोत भरले होते). उगवण मात्र पेंढ्यात विरळ, कॅनोपीओचे सुरुवातीचे आकडे तिथे सगळीकडे खाली, कारण पेंढ्याखाली गारवा, ओल आणि गोगलगायींची चैन, कोवळे कोंब कुरतडलेले. कणसं दोन जोड्यांत पेंढ्याला जास्त, एकीत कमी, एकीत सारखी. याच्यावरून उत्पादन वाढतं असं मी म्हणणार नाही, चार जोड्या फार थोड्या आहेत.

इथेच एकट्याच्या प्रयोगाची मर्यादा येते. क्लाइममॉब म्हणून एक प्रणाली आहे, तिच्यात प्रत्येक शेतकऱ्याला बऱ्याच वाणांतले चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठलेही तीनच देतात, त्याने फक्त सगळ्यात चांगलं कुठलं आणि वाईट कुठलं एवढं सांगायचं. ना वजन, ना टक्के. अशी शेकडो छोटी उत्तरं एकत्र केली की कुठल्या हवामानात कुठलं वाण पुढे ते निघतं. निकाराग्वा, इथिओपिया आणि भारत मिळून १२ हजारांवर प्लॉट्सचा असा अभ्यास २०१९ साली छापून आलाय. माझ्यासारख्या आळशी नोंदवणाऱ्यांसाठी हीच पद्धत खरी, पण त्याला माणसं जमवावी लागतात, ॲप नाही. आम्ही सध्या पाच घरं झालोय, सगळ्यांकडे तोच फॉर्म, खुंट्यांवर तसेच कोड.

फॉर्म आता पाच प्रश्नांचा आहे आणि त्यातला पहिला 'आज या पट्ट्यात काय केलं', त्याला बोलून उत्तर देता येतं, ओल्या हातांनी टाईप करायला नको. पेंढा या वेळी कोंब वितभर आल्यावरच घालणार. रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी मोजायचं काम भावाने स्वतःहून घेतलंय, म्हणाला नोंदीची वेळ साडेनऊ आली तरी यंदा बाद करू नकोस.